स्टार्टर मोटर (मोटारसायकल)

मोटारसायकलचे इंजिन पायाने किक न मारता, केवळ बटण दाबून सुरू करणाऱ्या लहान विद्युत मोटरला स्टार्टर मोटर असे म्हणतात. महाराष्ट्रातील बोलीव्यवहारात तिला 'सेल्फ स्टार्टर' किंवा नुसते 'सेल्फ' म्हणण्याची पद्धत आहे. ही मोटर एकदिश विद्युतप्रवाहावर, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर, चालते आणि इंजिनाचा भुजादंड (क्रँकशाफ्ट) काही क्षण फिरवून देते. इंजिन स्वतःच्या बळावर फिरू लागले की तिचे काम संपते.

बटण दाबूनही इंजिन फिरले नाही, की दोष स्टार्टर मोटरचाच आहे असे सर्वसाधारणपणे समजले जाते. वस्तुतः मोटर हा एका लांब साखळीचा शेवटचा दुवा आहे. बॅटरी, तिची टोके, जाड तारा, रिले, सुरक्षा स्विच आणि इंजिनाचे अर्थिंग हे सर्व दुवे तिच्या आधी येतात, आणि यांपैकी कोणताही दुवा कमकुवत झाला तरी लक्षण तेच दिसते. म्हणून स्टार्टरच्या दुरुस्तीत मोटर खोलण्यापूर्वी दोषाचे स्थान मोजमापाने निश्चित करणे, ही सर्वांत महत्त्वाची पायरी मानली जाते. ज्या गाड्यांना किकची दांडी नसते, त्यांच्या बाबतीत या निदानाचे महत्त्व विशेष आहे.

इतिहास

मोटारगाडीचे इंजिन सुरुवातीच्या काळात पुढून हातदांडा फिरवून सुरू करावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिल्यास दांडा फिरवणाऱ्याचा हात मोडत असे. अमेरिकन अभियंता चार्ल्स केटरिंग याने विकसित केलेला विद्युत स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत बसवण्यात आला आणि हा धोका हळूहळू इतिहासजमा झाला.

मोटारसायकलींत हीच सोय आणण्याचा प्रयत्न लवकर झाला. अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथील 'इंडियन' या मोटारसायकलींच्या कारखान्याने १९१४ च्या 'हेंडी स्पेशल' या गाडीला विद्युत स्टार्टर दिला होता. परंतु त्या काळच्या बॅटऱ्या हे ओझे पेलण्याइतक्या समर्थ नव्हत्या व ती गाडी टिकली नाही. मोटर तयार असूनही तिला पुरेसा विद्युतप्रवाह न मिळाल्याने स्टार्टर निरुपयोगी ठरावा, ही गोष्ट आजच्या बहुतेक तक्रारींनाही लागू पडते.

पुढे १९५० च्या दशकाच्या अखेरीस जपानच्या होंडा कंपनीने आपल्या काही गाड्यांना विद्युत स्टार्टर दिला. हार्ले-डेव्हिडसनची 'इलेक्ट्रा ग्लाइड' १९६५ मध्ये आणि होंडाची 'सीबी ७५०' १९६९ मध्ये आली. यांनंतर मोठ्या मोटारसायकलींत स्टार्टर सर्वमान्य झाला. सहा व्होल्टऐवजी बारा व्होल्टची विद्युतप्रणाली रूढ झाल्यानेही त्यास मदत झाली. तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी दुप्पट विद्युतदाबावर निम्माच प्रवाह लागतो.

भारतात बटणावर सुरू होणारी दुचाकी सामान्य ग्राहकाच्या ओळखीची झाली ती १९८० च्या दशकात. पुण्याच्या कायनेटिक इंजिनिअरिंग व जपानच्या होंडा यांच्या भागीदारीतून आलेल्या 'कायनेटिक होंडा' या गिअरविरहित स्कूटरचा त्यात मोठा वाटा होता. २००० नंतर मोटारसायकलींतही स्टार्टर सर्रास दिसू लागला. आरंभी स्टार्टर असला तरी किकची दांडी सोबत असे. पुढे अनेक गाड्यांतून ती काढून टाकण्यात आली.

रचना

सामान्य स्टार्टर मोटर मुठीएवढ्या जाडीची, नळकांड्याच्या आकाराची असते. तिचे मुख्य भाग पुढीलप्रमाणे होत.

बाहेरील कवच व चुंबक : पोलादी नळीच्या आतल्या बाजूस फेराइटचे वक्राकार स्थायी चुंबक चिकटवलेले असतात. काही जुन्या व मोठ्या मोटरींत चुंबकांऐवजी तारेची वेटोळी असतात.

आर्मेचर : दंडावर बसवलेल्या लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यात तांब्याच्या तारेची वेटोळी गुंडाळलेली असतात. हाच फिरणारा भाग होय.

दिक्परिवर्तक : व्यवहारात याला कम्युटेटर म्हणतात. आर्मेचरच्या एका टोकास तांब्याच्या पट्ट्या वर्तुळाकार बसवलेल्या असतात व दोन पट्ट्यांमध्ये अभ्रकाचा किंवा तत्सम विद्युतरोधक पदार्थाचा थर असतो.

कार्बन ब्रश : स्प्रिंगच्या दाबाने दिक्परिवर्तकावर टेकलेले, कार्बन व तांब्याच्या मिश्रणाचे ठोकळे. फिरणाऱ्या आर्मेचरमध्ये विद्युतप्रवाह यांच्याद्वारे पोहोचतो. वापराने झिजणे हा त्यांचा धर्मच आहे.

इतर भाग : दोन्ही टोकांची झाकणे, बेअरिंग किंवा बुश, तेल आत येऊ न देणारे सील, पाणी अडवणाऱ्या ओ-रिंग आणि जाड तार जोडण्याचा विद्युतरोधित बोल्ट.

मोटरच्या दंडावरील लहान दातेरी चाक मधल्या गिअरमार्फत इंजिनाशी जोडलेले असते. मोटर वेगाने फिरते, इंजिन त्या मानाने सावकाश फिरते, आणि जितका वेग कमी होतो तितका फिरवण्याचा जोर वाढतो. या मार्गात एकाच दिशेने पकड घेणारा क्लच असतो. त्याला वन-वे क्लच, आणि त्यातील एका प्रकाराला स्प्रॅग क्लच म्हणतात. मोटर इंजिनाला फिरवते तेव्हा हा क्लच घट्ट धरतो. इंजिन सुरू होऊन पुढे धावू लागले की तो सुटतो, त्यामुळे इंजिन मोटरला उलट फिरवत नाही. काही स्कूटरींमध्ये याऐवजी पुढे सरकून दात अडकवणारे व नंतर मागे येणारे दातेरी चाक वापरतात.

कार्यपद्धती

चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या तारेतून विद्युतप्रवाह गेला की तारेवर बल कार्य करते. त्याची दिशा शालेय विज्ञानात शिकवल्या जाणाऱ्या फ्लेमिंगच्या डाव्या हाताच्या नियमाने मिळते. स्टार्टर मोटर याच तत्त्वावर चालते. आर्मेचर अर्धा फेरा फिरले की वेटोळ्यातील प्रवाहाची दिशा दिक्परिवर्तक उलटवतो, म्हणून फिरणे एकाच दिशेने अखंड चालू राहते.

आर्मेचर फिरू लागल्यावर त्यातच उलट दिशेचा विद्युतदाब निर्माण होतो व तो बॅटरीच्या प्रवाहाला काही अंशी अडवतो. मोटर स्थिर असताना हा विरोध नसतो. यामुळे बटण दाबताच पहिल्या क्षणी प्रवाह सर्वाधिक असतो, आणि मोटर अडकून राहिल्यास तो तसाच वाहत राहून तारा व वेटोळी तापवतो. बटण फार वेळ दाबून धरू नये, या सूचनेमागील कारण हेच आहे.

स्टार्टरच्या मंडलाचे दोन भाग पडतात. पहिले मंडल मोठ्या प्रवाहाचे : बॅटरीच्या धन टोकापासून जाड तारेने रिले, रिलेपासून मोटर, आणि मोटरच्या कवचातून इंजिन व अर्थच्या तारेमार्फत पुन्हा बॅटरीचे ऋण टोक. बहुतेक गाड्यांत मोटरला अर्थची वेगळी तार नसते. ज्या बोल्टांनी ती इंजिनाला कसलेली असते, तेच तिचे अर्थ असतात. दुसरे मंडल लहान प्रवाहाचे : चावी, फ्यूज, किल स्विच, स्टार्टरचे बटण, आणि क्लच, न्यूट्रल वा साइड स्टँडचे सुरक्षा स्विच. या मंडलातून रिलेच्या वेटोळ्याला जेमतेम काही अँपिअर मिळतात. त्या बळावर रिले 'टक्' असा आवाज करून आपले जाड संपर्कबिंदू जुळवतो आणि मोटरकडे मोठा प्रवाह सोडतो.

बिघाडाची लक्षणे

बटण दाबल्यावर होणारा आवाज हा निदानाचा पहिला धागा असतो.

१. आवाजच नाही, दिवेही मंद किंवा बंद : बॅटरी उतरलेली, तिची टोके सैल किंवा मुख्य फ्यूज गेलेला.

२. आवाज नाही, पण दिवे व हॉर्न व्यवस्थित : लहान प्रवाहाच्या मंडलात दोष. किल स्विच, क्लचचा किंवा साइड स्टँडचा स्विच, बटणाचे आतील संपर्क किंवा रिलेचे वेटोळे.

३. एकच 'टक्' आणि पुढे काही नाही : रिलेचे संपर्कबिंदू जळलेले, जाड तार सैल, मोटरचे ब्रश झिजलेले, किंवा इंजिन वा मोटर अडकलेली.

४. 'टकटकटक' असा भरभर आवाज : बहुधा बॅटरी अशक्त. रिले जुळतो, मोटर प्रवाह ओढते, विद्युतदाब कोसळतो, रिले सुटतो आणि हेच चक्र पुन्हा सुरू होते.

५. इंजिन जड जड, सावकाश फिरते : अशक्त बॅटरी, तारांमध्ये किंवा अर्थमध्ये वाढलेला रोध, झिजलेले ब्रश किंवा घासणारे बेअरिंग.

६. मोटर सुसाट फिरल्याचा आवाज, पण इंजिन स्थिर : मोटर निर्दोष, वन-वे क्लच घसरतो आहे किंवा गिअरचे दात तुटले आहेत.

७. बटण सोडले तरी मोटर फिरतच राहते : रिलेचे संपर्कबिंदू एकमेकांना चिकटले आहेत. अशा वेळी चावी बंद करूनही मोटर थांबत नाही. बॅटरीचे ऋण टोक ताबडतोब सोडवावे लागते.

निदान

निदानासाठी फार साधने लागत नाहीत. साधा अंकीय मल्टिमीटर, पान्यांचा संच आणि गाडीची दुरुस्ती-पुस्तिका एवढे पुरते. तपासणी बॅटरीपासून सुरू करून मोटरपाशी संपवावी. हा क्रम उलटा केल्यास निर्दोष मोटर खोलली जाते आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

बॅटरी : गाडी काही तास बंद ठेवल्यानंतर पूर्ण भारित शिसे-आम्ल बॅटरीचा विद्युतदाब १२.६ ते १२.८ व्होल्ट असतो. १२.४ व्होल्ट म्हणजे सुमारे तीन चतुर्थांश भार, आणि १२ व्होल्ट म्हणजे ती जवळजवळ उतरलेली समजावी. परंतु केवळ या आकड्यावर विसंबणे चुकीचे ठरते. जुन्या बॅटरीतील पट्ट्या क्षीण झाल्या असल्या तरी विश्रांतीत ती १२.६ व्होल्ट दाखवू शकते. खरी परीक्षा भाराखाली होते. मीटर बॅटरीच्या टोकांनाच लावून बटण दाबावे. इंजिन फिरत असताना विद्युतदाब साधारण १० व्होल्टच्या खाली जात असेल तर बॅटरी भारित करून पुन्हा तपासावी. तरीही तो कोसळत असेल, तर बॅटरी निकामी झालेली असते किंवा मोटर प्रमाणाबाहेर प्रवाह ओढत असते.

लहान प्रवाहाचे मंडल : 'टक्' आवाज येत नसल्यास किल स्विच योग्य स्थितीत आहे का, गाडी न्यूट्रलमध्ये आहे का, साइड स्टँड वर आहे का, हे आधी पाहावे. या साध्या गोष्टी राहून गेल्याने गाड्या कित्येकदा कार्यशाळेपर्यंत ढकलत नेल्या जातात. त्यानंतर बटण दाबलेले असताना रिलेच्या बारीक तारांवर जवळपास बॅटरीइतका विद्युतदाब पोहोचतो का, ते मोजावे. पोहोचत असूनही रिले गप्प असेल तर रिले बदलावा. पोहोचत नसेल तर एकेक स्विच तपासत बॅटरीच्या दिशेने मागे जावे.

विद्युतदाबाची घट : ही तपासणी सर्वांत उपयुक्त आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. ज्या तारेचे बहुतेक धागे तुटून एखादाच शिल्लक आहे, तिच्या टोकाशीही बटण न दाबता १२.६ व्होल्टच दिसतात, कारण प्रवाह वाहत नसताना रोधामुळे काहीच घट होत नाही. ओमच्या नियमानुसार घट ही प्रवाह व रोध यांच्या गुणाकाराइतकी असते. गंजलेल्या जोडाचा रोध अवघा ०.०२ ओम असला आणि प्रवाह ६० अँपिअर असला, तर त्या एका जोडावर १.२ व्होल्ट वाया जातात आणि तेथे ७२ वॅट उष्णता निर्माण होते. इतका लहान रोध साध्या मल्टिमीटरच्या ओम-मापनात दिसत नाही. तो घटीच्या रूपानेच पकडता येतो. बटण दाबल्यानंतर एखादा जोड हाताला गरम लागणे, हीदेखील त्याचीच खूण होय.

मोजण्यासाठी मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खुंटीवर व दुसरे मोटरच्या बोल्टवर ठेवून बटण दाबावे. घट सुमारे अर्ध्या व्होल्टपेक्षा अधिक नसावी. नंतर एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर व दुसरे मोटरच्या उघड्या धातूवर ठेवून तसेच करावे. येथे घट सुमारे ०.२ व्होल्टच्या आत असावी. घट अधिक आढळल्यास मीटरची टोके एकेका जोडाच्या दोन बाजूंना ठेवीत दोषी जोड शोधावा.

समजा, इंजिन सावकाश फिरत असताना बॅटरीच्या टोकांशी १०.८ व्होल्ट आहेत, पण मोटरचा बोल्ट व कवच यांच्यात ९.१ व्होल्टच मिळतात. मधले १.७ व्होल्ट वाटेत हरवले. त्यांपैकी रिलेच्या दोन जाड बोल्टांमध्ये १.२, धन तारांमध्ये ०.२ आणि अर्थच्या बाजूस ०.३ व्होल्टची घट आढळली. येथे मुख्य दोष रिलेच्या जळलेल्या संपर्कबिंदूंचा आहे, व अर्थचा जोडही साफ करायला हवा. मोटर नवी बसवली असती तरी ही घट तशीच राहिली असती.

मोटरविषयी निष्कर्ष : घट मर्यादेत असेल, तरच संशयाची सुई मोटरकडे वळवावी. बटण दाबल्यावर मोटरच्या बोल्टवर भरपूर, म्हणजे १२ व्होल्टच्या आसपास, विद्युतदाब पोहोचतो आणि तरीही ती फिरत नाही, याचा अर्थ मोटरमधून प्रवाहच वाहत नाही. ब्रश झिजलेले किंवा अडकलेले असतात, अथवा वेटोळे तुटलेले असते. याउलट चांगली बॅटरी असूनही विद्युतदाब एकदम ८ व्होल्टपर्यंत कोसळत असेल, तर मोटरमध्ये अंतर्गत शॉर्ट आहे, ती घासते आहे किंवा इंजिनच अडकले आहे. मोटरच्या कवचावर हलकेच ठोकल्यावर ती फिरू लागत असेल तर ब्रश अडकत आहेत असे समजावे. हा इलाज नव्हे, तर दुरुस्ती जवळ आल्याची सूचना आहे. जोरात ठोकल्यास आतले चुंबक फुटतात.

इंजिन मोकळे आहे का, हेही पाहणे आवश्यक आहे. किक असल्यास ती हळूच दाबून, नसल्यास वरच्या गिअरमध्ये मागचे चाक हाताने फिरवून अंदाज येतो. पावसाळ्यात गाडी साचलेल्या पाण्यातून गेल्यानंतर बंद पडली असेल आणि स्टार्टरने 'टक्' होऊन अडकत असेल, तर सिलिंडरमध्ये पाणी शिरल्याची शक्यता असते. पाणी दाबले जात नाही. अशा वेळी पुन्हा पुन्हा बटण दाबल्यास इंजिनाचे व स्टार्टरच्या गिअरचे नुकसान होऊ शकते. स्पार्क प्लग काढून सिलिंडर रिकामा करणे हाच योग्य मार्ग होय.

स्क्रू ड्रायव्हरने रिले जोडण्याची प्रथा

रिलेचे दोन जाड बोल्ट स्क्रू ड्रायव्हरने परस्परांना जोडून मोटर फिरते का ते पाहण्याची पद्धत रस्त्यावरील दुरुस्तीत प्रचलित आहे. तिने रिलेचा दोष झटकन कळतो हे खरे, परंतु ती धोक्याची आहे. या जोडणीत न्यूट्रल, क्लच व साइड स्टँड यांचे सर्व सुरक्षा स्विच वगळले जातात. गाडी गिअरमध्ये असल्यास ती अचानक पुढे उसळते. जोडताना उडणारी ठिणगी पेट्रोलची वाफ किंवा भारित होत असलेल्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेटवू शकते. विद्युतदाबाच्या घटीची वर सांगितलेली मोजणी तीच माहिती ठिणगीविना देते.

मोटर उतरवणे व उघडणे

काम सुरू करण्यापूर्वी चावी बंद करून बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवावे. धन टोक आधी सोडवताना पाना गाडीच्या सांगाड्याला टेकला तर बॅटरी थेट शॉर्ट होते. ऋण टोक आधी सोडवल्यास हा धोका राहत नाही. जोडताना क्रम उलटा असतो : आधी धन, नंतर ऋण.

मोटरवरील रबरी टोपी सरकवून जाड तारेचा नट काढतात, मग इंजिनाला धरून ठेवणारे बोल्ट काढून मोटर सरळ बाहेर ओढतात. ती ओ-रिंगमुळे घट्ट बसलेली असते. डावीकडे-उजवीकडे हलवत काढावी; पेचकस घालून उचकटू नये. इंजिनाच्या बाजूने थोडे तेल गळणे स्वाभाविक आहे.

उघडण्यापूर्वी कवच व दोन्ही झाकणे यांवर एका रेषेत खुणा कराव्यात. लांब स्क्रू काढल्यावर झाकणे निघतात. दंडावरील पातळ वॉशर किती आहेत व कोणत्या क्रमाने आहेत, याचे छायाचित्र घेऊन ठेवणे हिताचे असते. तार जोडण्याच्या बोल्टवरील विद्युतरोधक वॉशर चुकीच्या क्रमाने बसल्यास तो बोल्ट कवचाला टेकतो आणि पहिल्याच वेळी बटण दाबताच शॉर्ट होतो.

तपासणी व दुरुस्ती

आतील काळी भुकटी ही ब्रश झिजून साचलेली असते. ती विद्युतवाहक असल्याने तिच्यातून प्रवाहाची गळती होते. कोरड्या ब्रशने व हलक्या हवेने ती काढावी व त्या वेळी नाकावर रुमाल असावा. आर्मेचर पेट्रोलमध्ये किंवा रॉकेलमध्ये बुडवू नये; वेटोळ्यांवरील रोधक लेप खराब होतो. आत इंजिन ऑइल आढळल्यास सील गेलेले आहे असे समजावे. ते न बदलता नवे ब्रश बसवणे व्यर्थ ठरते.

ब्रश : लांबी मोजून पुस्तिकेतील मर्यादेशी ताडून पाहावी. मर्यादा उपलब्ध नसल्यास, नव्या ब्रशच्या निम्म्यापर्यंत झिजलेला ब्रश बदलणे इष्ट. ब्रश आपल्या खोबणीत मोकळेपणाने सरकला पाहिजे. तापून निळसर पडलेली वा सैल झालेली स्प्रिंगही बदलावी. पुष्कळ गाड्यांसाठी ब्रश, स्प्रिंग व पट्टी यांचा संच सुटा मिळतो आणि त्याची किंमत पूर्ण मोटरच्या मानाने अल्प असते.

दिक्परिवर्तक : पृष्ठभाग गुळगुळीत तपकिरी असणे हे आरोग्याचे लक्षण आहे. काळे डाग बारीक पॉलिश पेपरच्या पट्टीने गोलाकार घासून काढावेत. एमरी कापड टाळावे, कारण त्याचे विद्युतवाहक कण पट्ट्यांमध्ये अडकण्याची भीती असते. पट्ट्यांमधील अभ्रक तांब्याच्या पातळीपेक्षा किंचित खोल असावे. ते वर आलेले असल्यास ब्रश पट्टीवर नीट टेकत नाही. अशा वेळी खाच बारीक पात्याने पुन्हा खोल करतात.

आर्मेचर : मीटरने शेजारशेजारच्या कोणत्याही दोन पट्ट्यांमध्ये वहन दिसले पाहिजे. कोणतीही पट्टी व दंड यांच्यामध्ये मात्र वहन मुळीच दिसता कामा नये. पहिली चाचणी फसल्यास वेटोळे तुटलेले आहे, दुसरी फसल्यास ते गाभ्याला टेकले आहे. वेटोळ्यांचा परस्परांतील शॉर्ट मल्टिमीटरने कळत नाही. त्यासाठी वाइंडिंगच्या दुकानात 'ग्राउलर' नावाचे उपकरण असते. आर्मेचर जळाले असल्यास ते पुन्हा गुंडाळून घेता येते किंवा मोटर बदलावी लागते.

चुंबक व बेअरिंग : निखळलेला किंवा तडकलेला चुंबक आर्मेचरला घासतो. त्याच्या खुणा आर्मेचरच्या गाभ्यावर चमकदार ओरखड्यांच्या रूपाने दिसतात. खडखडणारे बेअरिंग व सैल बुशही असेच घर्षण घडवतात.

जोडणी : ब्रश मागे धरून ठेवून दिक्परिवर्तक आत सरकवणे हे यातील नाजूक काम आहे. नव्या ओ-रिंगला तेलाचे बोट लावावे, बेअरिंगला ग्रीस बेताचेच द्यावे. अधिक ग्रीस ब्रशपर्यंत पोहोचते. खुणा जुळवून स्क्रू कसल्यावर मोटर गाडीवर चढवण्याआधी शिकंज्यात घट्ट धरून, जाड तारांनी बॅटरीला क्षणभर जोडून पाहतात. मोटर सुरू होताना झटका देते, म्हणून ती हातात धरून ही चाचणी करू नये. गाडीवर बसवताना इंजिनाला टेकणारी बैठक रंग व गंजापासून मुक्त असावी, कारण तीच मोटरचे अर्थ असते.

वन-वे क्लचचे दोष

मोटर मोकळीच फिरत असल्यास दोष क्लचमध्ये असतो. तो बहुधा मॅग्नेटोच्या चाकामागे असतो. तेथे पोहोचण्यासाठी इंजिनाचे झाकण व ते चाक काढावे लागते आणि त्यासाठी विशिष्ट पुलर लागतो. रोलर, स्प्रिंग किंवा स्प्रॅग झिजले असल्यास, तसेच ज्यावर ते पकड घेतात त्या पृष्ठभागावर खड्डे पडले असल्यास ते बदलतात. अशक्त बॅटरीवर स्टार्टर रेटत राहिल्यास इंजिन पुरेशा वेगाने फिरत नाही आणि उलटा झटका देते. मोठ्या एकसिलिंडरी इंजिनांत हा झटका क्लचला विशेष घातक असतो. बॅटरीकडे केलेले दुर्लक्ष अशा रीतीने इंजिनाच्या आतील खर्चिक दुरुस्तीपर्यंत पोहोचते.

देखभाल

बटण एका वेळी साधारण पाच सेकंदांहून अधिक दाबू नये. दोन प्रयत्नांच्या मध्ये मोटर व बॅटरी यांना थोडी विश्रांती द्यावी. बॅटरीची टोके वर्षातून किमान एकदा, पावसाळ्यापूर्वी, साफ करून कसावीत व त्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ लेप द्यावा. कोकण किनाऱ्यासारख्या दमट व खाऱ्या हवेच्या प्रदेशात हे काम अधिक वेळा करावे लागते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असल्यास बॅटरी मधूनमधून भारित करावी. गाडी धुताना पाण्याचा जोरदार फवारा थेट मोटरवर व रिलेवर मारू नये.

बॅटरी वारंवार उतरत असल्यास स्टार्टरऐवजी भारणप्रणाली तपासावी. इंजिन वेगात असताना बॅटरीच्या टोकांशी साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट मिळणे अपेक्षित असते. भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू असताना सतत पेटलेला राहतो. त्यामुळे अशक्त भारणप्रणालीचा परिणाम, विशेषतः थांबत थांबत केलेल्या छोट्या फेऱ्यांत, बॅटरीवर लवकर दिसतो. इंधन-अंतःक्षेपण असलेल्या गाड्यांत विद्युतदाब फार घसरल्यास इंधनाचा पंप व नियंत्रक यांचेही काम बिघडते. म्हणून पूर्ण उतरलेल्या बॅटरीवर अशी गाडी ढकलूनही सुरू होत नाही.

नवे प्रकार

अलीकडच्या काही स्कूटर व मोटारसायकलींत वेगळी स्टार्टर मोटर नसते. भुजादंडावर बसवलेले जनित्रच सुरुवातीला मोटर म्हणून काम करते आणि इंजिन सुरू झाल्यावर बॅटरी भारित करू लागते. त्यात मधले गिअर नसल्याने गाडी जवळजवळ आवाज न करता सुरू होते. होंडाच्या 'अ‍ॅक्टिव्हा' स्कूटरच्या २०२० मधील सहाव्या पिढीत ही रचना आहे. अशा यंत्रणेत झिजणारे कार्बन ब्रश नसतात व प्रवाहाचे नियमन इलेक्ट्रॉनिक नियंत्रक करतो. त्यामुळे आतील दोष शोधण्यासाठी उत्पादकाचे निदान-उपकरण लागते. बॅटरी, तिची टोके, फ्यूज आणि अर्थ यांची तपासणी मात्र येथेही आधी करावी लागते.

हेही पाहा

विद्युत मोटर
शिसे-आम्ल बॅटरी
ओमचा नियम
अंतर्ज्वलन इंजिन
मोटारसायकल